नाव कळते, हेतू कळत नाही

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत जा, दादरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जा किंवा लालबागच्या पोटमाळ्यावर. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात एक पिशवी हमखास सापडते. बहुधा ती कुठल्यातरी साडीच्या दुकानाची असते आणि तिला दोन रबरबँड लावलेले असतात. तिच्यात काय नसते? रेशनकार्ड असते, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले असतात, शाळा सोडल्याचा दाखला असतो, भाडेपावत्या असतात, विजेची बिले असतात. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी फोटो असलेल्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला, तेव्हापासून तेही त्यात आले. (त्या कार्डावरच्या फोटोत घरातले कोणीच स्वतःसारखे दिसत नाही, हा भाग वेगळा.) पुढे पॅनकार्ड आले, आधार आले. आधारची तर एक मूळ प्रत, एक लॅमिनेट केलेली आणि चार-पाच झेरॉक्स. घरात पाणी शिरले किंवा जिन्याला आग लागली, तर घरातली बाई आधी पोर उचलते आणि मग ही पिशवी.

कागदाला इतके जपणारी ही माणसे. मग सरकारने एखादे नवे ओळखपत्र काढले आणि ते तुमच्या सुरक्षेसाठी आहे असे सांगितले, की हीच माणसे नाक का मुरडतात? ती रांगेत उभी राहतात, यंत्रावर बोटे टेकवतात, डोळे ताणून कॅमेऱ्याकडे पाहतात, कार्ड आणून नीट ठेवूनही देतात. पण या कार्डामुळे आता बॉम्ब फुटणार नाही, यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नसतो. ‘ज्याला करायचंय तो कार्ड घेऊनच येईल,’ असे नाक्यावरचा पानवालाही सांगतो. शिकलेल्या मंडळींना यात अडाणीपणा दिसतो. मला तो दिसत नाही. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत या शहराने जे सोसले, त्यातून हा अविश्वास आलेला आहे, आणि तो सकारण आहे.

राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना आपल्याकडे बळावली ती सीमेच्या काळजीतून. कारगिलच्या युद्धानंतर १९९९ साली के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सीमेवरच्या संवेदनशील भागांतील गावकऱ्यांना ओळखपत्रे द्यावीत असे सुचवले. २००१ साली मंत्रिगटाने ती सूचना साऱ्या देशाला लावली. नागरिकांना बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्र द्यावे, असे म्हटले. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्वाच्या कायद्यात तशी तरतूदही झाली. मग २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आली. त्या हल्ल्यानंतर किनारपट्टीवरच्या गावांत निवासी ओळखपत्रे वाटण्याची योजना पुढे आली, कोळी बांधवांची वेगळी कार्डे आली. २८ जानेवारी २००९ रोजी आधारचे प्राधिकरण स्थापन झाले आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. तोपर्यंत सरकारची भाषा धान्य, पेन्शन आणि बँकखाते यांची झाली होती. पण सुरक्षेचा सूर तंबोऱ्यासारखा मागे चालूच राहिला.

या सुराची परीक्षा घ्यायची तर मुंबईसारखी दुसरी जागा नाही. १२ मार्च १९९३ पासूनच सुरुवात करू. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, काथा बाजार, झवेरी बाजार, सेनाभवनाजवळचा पेट्रोलपंप, दादरचे प्लाझा, वरळीचे सेंच्युरी बाजार. एका दुपारी २५७ माणसे गेली. ती स्फोटके आली कुठून? रायगडच्या किनाऱ्यावरून, दिघी आणि शेखाडीवरून. जानेवारीत दिघीला उतरवलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या श्रीवर्धनच्या पोलिसांनी वाटेत अडवल्या होत्या, आणि लाचेचा सौदा ठरवून सोडून दिल्या. पुढे खटल्यात काही पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. या मंडळींकडे ओळखपत्रे नव्हती का? होती, आणि अस्सल होती. त्यांच्यावर राजमुद्रा होती. त्या रात्री रस्त्यावर सर्वांत खरी ओळखपत्रे ज्यांच्या खिशात होती, त्यांनीच गाड्यांना वाट करून दिली.

आता २६ नोव्हेंबर २००८. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी समुद्रात ‘कुबेर’ नावाचे पोरबंदरचे मच्छीमार जहाज बळकावले आणि त्यावरच्या खलाशांचा व तांडेलाचा जीव घेतला. बोट भारतीय होती, तिची नोंदणी खरी होती. कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले. त्यांच्यापैकी जो जिवंत सापडला, त्या कसाबजवळ हैदराबादच्या एका महाविद्यालयाच्या नावाचे ओळखपत्र होते. त्यावर फोटो त्याचा, नाव हिंदू आणि पत्ता बंगळूरचा. म्हणजे ज्यांनी हा कट रचला, त्यांनी बंदुकांच्या बरोबरीने कार्डांचीही तयारी केली होती. कार्ड पाहून पहारेकरी समाधान पावतो, हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक होते.

पण खोट्या कार्डाची ही गोष्ट सांगितली की तज्ज्ञ म्हणतात, म्हणूनच बनावट करता येणार नाही असे कार्ड हवे. बरे, तसे समजू. मग ताडदेवला चला. २००६ साली दाऊद गिलानी नावाच्या एका अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत कायदेशीर मार्गाने नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली असे करून घेतले. त्या नावाचा पारपत्र काढला, शिकागोच्या आपल्या वकिलातीतून रीतसर व्हिसा घेतला आणि ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये परदेशी स्थलांतराच्या सल्ल्याचे कार्यालय थाटले. पुढची दोन वर्षे तो येत-जात राहिला. हॉटेले, स्टेशन, किनारा, सगळे डोळ्यांखाली घालत राहिला. त्याच्याजवळचा एकही कागद बनावट नव्हता. बोटांचे ठसे घेतले असते तरी ते त्याचेच निघाले असते. जगातले सर्वांत भारी ओळखपत्र त्याला ‘हाच तो हेडली’ एवढेच म्हणाले असते. तो कशासाठी आला आहे, हे कार्डाला विचारून कळणार नव्हते.

हे केवळ आपलेच दुर्दैव नाही. स्पेनमध्ये ओळखपत्र सक्तीचे होते, तरी २००४ साली माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झालेच. २००५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा तिथले सरकार राष्ट्रीय ओळखपत्राचा कायदा करायच्या खटपटीत होते. त्याच सरकारचे गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांनी, ओळखपत्रे असती तर हा हल्ला टळला असता असे आपल्याला वाटत नाही, अशी कबुली देऊन टाकली.

याचा अर्थ कागद अगदीच निरुपयोगी, असा नाही, आणि तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९३ च्या तपासाला पहिला धागा मिळाला तो वरळीत टाकून दिलेल्या एका मारुती व्हॅनमुळे. तिच्यात शस्त्रे सापडली, तिची नोंदणी पाहिली आणि पोलीस माहीमच्या एका इमारतीच्या दारात पोहोचले. नोंदवही नसती तर हा धागा हाती लागला नसता. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा माग काढायला नोंद उपयोगी पडते. परंतु माग काढणे वेगळे आणि राखण करणे वेगळे. पंचनाम्याच्या वहीला कुणी कडीकोयंडा म्हणत नाही.

या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार असेल तर तो बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या वर्षांमुळे. खातेदार खरा की खोटा, हा आमचा रोजचा प्रश्न. ऐंशीच्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा नवे खाते उघडायला ‘ओळख’ लागे. फॉर्मवर एका जुन्या खातेदाराची सही घ्यावी लागे की, या इसमास मी इतकी वर्षे ओळखतो. परळच्या शाखेत गिरणीतला जॉबर आपल्या खात्यातल्या कामगारांना घेऊन येई, गिरगावात चाळीतले एखादे निवृत्त मास्तर साऱ्या मजल्याला ओळख देत. ही सही फुकटची नसे. उद्या त्या खात्यात काही भानगड झाली तर आधी मास्तरांना बोलावणे जाई, आणि हे मास्तरांना पक्के माहीत असे. त्यामुळे ते नाहीही म्हणत. ‘त्याला मी देणार नाही, मला त्याचं काही ठाऊक नाही,’ असे चार लोकांत सांगत. एका सहीमागे एका माणसाची अब्रू तारण असे.

२००२ आणि २००४ साली रिझर्व्ह बँकेची ‘आपला ग्राहक ओळखा’ ही नवी नियमावली आली. हेतू चांगला होता. पण नाव ‘ग्राहक ओळखा’ असले तरी ग्राहकाला ओळखायचे काम हळूहळू बंदच झाले. त्याची झेरॉक्स ओळखायची एवढेच उरले. फोटोप्रत आहे, त्यावर सही आहे, ‘मूळ प्रत पाहिली’ असा शिक्का आहे, झाले. तपासनीस येई तो फाईल उघडून कागद मोजी. त्या खात्यातून काय चालले आहे, हे विचारायला कुणाला सवड नसे. बरे, कागद अस्सल म्हणजे व्यवहार अस्सल, हा समज तर १९९२ सालीच फोर्टमध्ये धुळीला मिळाला होता. त्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांच्या पावत्या बाजारात फिरत होत्या. त्यांच्यावर बँकांचीच नावे होती, पण त्यांच्यामागे असायला हवे ते रोखेच नव्हते. मोठमोठ्या बँकांनी त्या पावत्यांवर कोट्यवधी रुपये मोजले. घोटाळ्यानंतर सर्वांनी नवे फॉर्म छापले.

मात्र जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ओळख लागते म्हटल्यावर ज्याला ओळखणारे कुणी नाही, तो दाराबाहेर राहतो. कालच गावाहून आलेला, फूटपाथवर झोपणारा, वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा, नवऱ्याने टाकलेली बाई, अशांना मास्तरांची सही सहसा मिळत नसे. त्यांच्या हाती एखादे सरकारी कार्ड आले, तेव्हा कुणाच्या मेहरबानीवाचून त्यांना काउंटरपाशी उभे राहता आले. कार्डाचे हे पुण्य मोठे आहे. गरिबाला कार्ड हवेच असते, ते यासाठी. त्याची तक्रार सुरू होते ती हक्काचा कागद संशयाचा कागद होतो तेव्हा.

हे रूपांतर मुंबईच्या अंगवळणी पडलेले आहे. १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणना झाली आणि फोटोपास दिले गेले. ज्याला पास मिळाला तो निर्धास्त झाला, पण त्याच दिवशी ज्याला मिळाला नाही तो बेकायदा ठरला. मग तारखा सरकत गेल्या. १९९५ आली, २००० आली. माणूस तोच, झोपडी तीच, कागदावरच्या एका तारखेने त्याचे नशीब ठरायचे.

लालबाग-परळची कथा तर याहून करुण आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, कमानीखालून आत जाणाऱ्या पाळ्या संपल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली आणि दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. आता सिद्ध करा की तुम्ही गिरणीत होता! तिकीट नंबर दाखवा, लाल पास दाखवा, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर द्या, ईएसआयसीचे कार्ड आणा, पगाराची पावती आणा. ज्या गिरणीने हे कागद द्यायचे, ती भुईसपाट होऊन तिच्या जागी काचेची इमारत उभी. साचेखात्यात उभी हयात गेलेला माणूस सत्तरीत आपण तिथे होतो याचा पुरावा शोधत फिरतो आहे. आणि ज्यांच्या बोटांची टोके कामाने किंवा वयाने गुळगुळीत झाली, त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. जन्मभर राबल्याची खूण म्हणजेच ओळख न पटण्याचे कारण, असा हा उफराटा न्याय.

आपल्या मराठी माणसाला हे दुःख कळते, म्हणून पुढची गोष्टही त्याला कळावी. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. घरच्यांनी गावाकडून कागद दाखवले, तिथल्या सरकारने आवाज उठवला, तेव्हा ते भारतीय असल्याचे मान्य होऊन त्यांना परत आणावे लागले. बेकायदा आलेल्यांना शोधू नये, असे कुणीच म्हणणार नाही. पण कार्ड असूनही जो बोलीवरून परका ठरतो, त्याने कार्ड कशासाठी जपायचे?

त्यातून कायद्याची स्थिती पाहा. आधार कायद्याचे नववे कलम स्वच्छ सांगते की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही. पुढच्याच महिन्यात, बिहारच्या मतदारयाद्यांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने आधार ओळखीसाठी धरायला सांगितले, नागरिकत्वासाठी नव्हे. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. पण आपला कोण आणि परका कोण हे कळावे, म्हणून ज्या विचाराला कारगिलनंतर सुरुवात झाली, तो शंभर कोटींहून अधिक लोकांचे ठसे घेऊन जिथे थांबला, तिथे नेमके तेवढेच कळत नाही!

बोटांच्या ठशांवरून झालेला भारतीयांचा पहिला मोठा झगडाही आपल्याला परका नाही. गावदेवीच्या मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात ज्यांचे येणे-राहणे होते, त्या गांधीजींनी त्याआधी दक्षिण आफ्रिकेत याच प्रश्नावर सत्याग्रह उभा केला होता. ट्रान्सवालच्या सरकारने १९०६ साली प्रत्येक आशियाई माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा आणि पोलीस मागेल तेव्हा दाखवावा, असे फर्मान काढले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर परवान्यांची होळी झाली. गंमत अशी की, आधी सरकारशी समझोता झाला तेव्हा स्वखुशीने ठसे द्यायला गांधीजी तयार झाले होते. ठसे देण्यापेक्षा, गुन्हेगार समजून ठसे मागितले जाण्याला त्यांचा विरोध होता.

खुद्द इंग्लंडात युद्धासाठी १९३९ साली सुरू झालेली ओळखपत्रे युद्ध संपल्यावरही चालूच राहिली. रेशन, सैन्यभरती अशा मोजक्या कामांसाठी केलेल्या नोंदी १९५० पर्यंत ३९ सरकारी यंत्रणा वापरू लागल्या होत्या. त्या वर्षी क्लेरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांनी मोटार अडवणाऱ्या पोलिसाला कार्ड दाखवायला नकार दिला. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. सरन्यायाधीशांनी कायद्याप्रमाणे त्यांना दोषी धरले खरे, पण ऊठसूट कार्ड मागण्याने सरळ माणसे पोलिसांच्या विरोधात जातात, असे सरकारलाही सुनावले. १९५२ साली ती कार्डे बंद झाली. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०१८ च्या निकालाने आधार टिकला, तरी बँकखाते व मोबाइल यांच्यासाठीची त्याची सक्ती गेली. एवढे होऊनही लॉजवाला, कुरियरवाला, सोसायटीचा वॉचमन, सगळे आजही आधारच मागतात.

त्या वॉचमनकडेच पाहा. लोअर परळच्या टॉवरच्या फाटकावर एक वही असते. नाव, फोन नंबर, कुणाकडे, किती वाजता. धुणीभांडी करणारी बाई वर्षानुवर्षे येत असली तरी तिला गळ्यात कार्ड अडकवावे लागते, आणि मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला बहुधा सलाम मिळतो. त्या वहीत कुणी काय लिहिले, हे रात्री कोणीही वाचत नाही. जी वही कोणी वाचत नाही, तिच्या भरवशावर तीनशे बिऱ्हाडे निवांत झोपतात.

मग सुरक्षा येते कुठून? २६ नोव्हेंबरच्याच रात्रीत त्याचे उत्तर आहे. बधवार पार्कला पाठीवर जड पिशव्या घेतलेल्या त्या अनोळखी तरुणांकडे प्रथम कुणाचे लक्ष गेले असेल, तर मच्छीमार वस्तीतल्या माणसांचे. आपल्या धक्क्यावर आपले कोण आणि नवखे कोण, हे त्यांना कार्डावाचून कळत होते. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी करून उभे असलेल्या पोलिसांनी स्कोडा अडवली, ती बिनतारी संदेशाने मिळालेल्या खबरीवरून. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने ज्या उणिवा दाखवल्या, त्या पूर्वसूचनांची नीट छाननी न होण्याच्या आणि पोलिसांच्या शस्त्रसज्जतेच्या होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी सुरक्षेसाठी म्हणून एखादे नवे कार्ड जाहीर होईल, आणि ते होईलच, तेव्हा सामान्य माणसाने शांतपणे काही प्रश्न विचारावेत. हे कार्ड असते तर दिघीहून निघालेल्या त्या गाड्या अडल्या असत्या का? ताडदेवच्या त्या कार्यालयाला कुलूप लागले असते का? या कार्डावर जो खर्च होणार, त्यात नाक्यावरच्या हवालदारासाठी बुलेटप्रूफ जाकिटे किती येतील, समुद्रात गस्तीच्या बोटी किती उतरतील? आणि मच्छीमार वस्तीतल्या माणसाने काही संशयास्पद पाहिले, तर रात्री साडेआठ वाजता त्याचे ऐकून घ्यायला चौकीवर कोण बसलेले असेल?